एक्केचाळीस नंबरची गाडी

लास बार्दास, ता. ९ मार्च १९९२

ती. नेलिदाताईस,
धाकट्या ओविदिओचा सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. एरवी झुलेमा लिहिते आणि मी खाली एक ओळ खरडतो. पण ही बातमी माझी आहे, म्हणून मीच लिहायला बसलोय. कंपनीने मला मोकळं केलं. एकट्याला नाही गं, तेलविहिरीवरच्या आमच्या अख्ख्या टोळीला, आमच्या आधीच्या टोळीला, आणि वर्कशॉपातल्या लोकांनाही. सरकारने कंपनी विकायला काढली आहे आणि घेणाऱ्याला माणसं कमी लागतात म्हणे. निरोपाच्या दिवशी मेंढी भाजून घातली आणि प्रत्येकाला चौकटीतलं मानपत्र दिलं. माझ्या मानपत्रावर ओविदिओच्या ऐवजी ऑक्ताव्हिओ छापलंय. बदलून द्या म्हटलं, तर कळलं की छापणाऱ्यालाही आदल्या दिवशीच काढलंय.

पैसे मात्र एकरकमी दिले. इतके पैसे मी जन्मात एका जागी पाहिले नव्हते. मी चव्वेचाळीसचा, हातपाय धड आहेत. एक गाडी घ्यावी आणि भाड्याने चालवावी असं मनात आहे. बावीस वर्षं मुकादमाच्या शिट्टीवर उठलो, आता स्वतःचा मालक स्वतः. झुलेमा मात्र घरावर अडून बसली आहे. वसाहतीतली घरं कंपनी राहणाऱ्यांनाच विकतेय, जूनअखेर पैसे भरायचे, नाहीतर घर बाहेरच्याला विकणार. घर आणि गाडी दोन्ही होण्याइतके पैसे नाहीत. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तेव्हा तू म्हणशील ते करायचं असं आम्हा दोघांचं ठरलंय.

आमची पोरगी अनालीया ह्या महिन्यात नेउकेन शहरात शिक्षिकेच्या कोर्सला जाते आहे. तुझ्या शिलाई यंत्राला आणि तुझ्या गुडघ्यांना माझा नमस्कार. उत्तर लवकर दे, नाहीतर मी आपल्या मनाचं करून मोकळा होईन.

तुझा ओविदिओ


लास बार्दास, ता. १४ मार्च १९९२

ती. वन्संना,
झुलेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या बंधुराजांनी पत्र टाकलं हे मला टाकल्यावर कळलं. माझी बाजू त्यांनी एका ओळीत उरकली असणार, म्हणून ती मी सविस्तर लिहिते.

वन्सं, ह्या घरात वारा शिरतो, स्वयंपाकघराची भिंत हिवाळ्यात ओली होते, मला सगळं माहीत आहे. पण ते उभं आहे. गाडी चार वर्षांनी भंगारात जाते, घर जात नाही. पोटाला कमी पडलं तरी उद्या कोणी आम्हाला बाहेर काढणार नाही, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरं म्हणजे, सध्या वसाहतीत कुठल्याही घरी मातेचा कडू चहा प्यायला बसा, एकच विषय. समोरचा तादेओ गाडी घेणार. पलीकडचे दोघे भाऊ मिळून एक घेणार. ज्यांना चालवता येत नाही ते दुकान टाकणार. सगळेच पुढे बसून चालवायला लागले तर मागच्या सीटवर बसणार कोण, असं मी विचारलं. हे हसले. म्हणाले की तू पिठाचा हिशेब कर, धंद्याचा मला करू दे. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील, म्हणून पदर पसरून सांगते, तुम्ही घर म्हणा.

तुमच्यासाठी कापडात बांधून पेराचा मुरांबा पाठवला आहे, बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, चाखून उरलेला देईल.

आपली झुलेमा


लानूस, ता. २७ मार्च १९९२

चि. ओविदिओ व चि. सौ. झुलेमा यांस,
नेलिदाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोघांची पत्रं दोन दिवसांच्या अंतराने आली. एका घरातून दोन तिकिटं लावून भांडता, एवढी श्रीमंती आली वाटतं. मुरांबा पावला, ड्रायव्हर प्रामाणिक निघाला.

चार दिवस यंत्रावर बसून विचार केला. झुलेमा, रागावू नकोस, पण भिंती जेवायला घालत नाहीत. माझ्या समोर राहणारा गडी तीन वर्षांपूर्वी गिरणीतून सुटला, त्याने पांढरी गाडी घेतली, आणि आता घरावर दुसरा मजला चढवतोय. रात्री बाराला घरी येतो, इतकी भाडी. माणूस कामावर असला की घर आपोआप होतं. आणि ह्या आमच्या बाळाला मी ओळखते. लहानपणी गालगुंड होऊन आठ दिवस घरी बसला होता, तर कोंबड्यांची पिसं उपटून ठेवली होती. तो रिकामा बसला तर तुला त्या घरात सुख लागायचं नाही.

तेव्हा गाडी घ्या. ओविदिओ, जपून चालव, आणि पहिल्या महिन्याच्या कमाईतून बायकोची ती ओली भिंत नीट करून दे, ही माझी अट आहे.

मी बरी आहे, विधवेचं एकटीचं काय, दोन बटाटे उकडले की झालं. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या, मोठीने लहानांकडे आणखी काय मागायचं.

नेलिदा


लास बार्दास, ता. ३ मे १९९२

ती. ताईस,
ओविदिओचा सा. न. वि. वि.

गाडी घेतली! पांढरी, पजो कंपनीची, एका डॉक्टरची होती, आत अजून औषधाचा वास येतो. झुलेमा तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी मागे बसून गिरजाघरापर्यंत आली आणि उतरताना म्हणाली की सीट मऊ आहे. म्हणजे निम्मं युद्ध जिंकलं.

इथे भाड्याच्या गाड्यांच्या सात कचेऱ्या निघाल्या आहेत. मी एल्सिराबाईंच्या कचेरीत नाव घातलं. त्या फोनपाशी बसतात, गिऱ्हाईकाने फोन केला की ज्याचा नंबर असेल त्याला चिठ्ठी देतात. माझ्या गाडीच्या दारावर रंगाने ४१ आकडा काढलाय. ओळीतला नंबर कोणी मोडायचा नाही, मग गिऱ्हाईक पाद्रीसाहेब का असेनात. पहिल्याच आठवड्यात एका भाड्यावरून दोन जुन्या सोबत्यांनी एकमेकांचे दात पाडले, तेव्हापासून हा नियम झाला. सुरुवात आहे, भाडी जरा कमी आहेत, पण वारा सुटला की लोक चालायचे नाहीत, बघशील.

तुझा, मालक, ओविदिओ


लास बार्दास, ता. १९ ऑगस्ट १९९२

ती. वन्संना,
झुलेमाचा सा. न. वि. वि.

पत्राला तीन महिने उशीर झाला. लिहायला काही नव्हतं असं नाही, लिहावंसं वाटत नव्हतं.

वारा सुटला, वन्सं. जूनपासून सुटलाय. लोक चालतात. मान खाली घालून, डोळ्यांत वाळू घेऊन चालतात, कारण गाडीला पैसे लागतात आणि पैसे असलेला माणूस गावात उरला नाही. जो तो ड्रायव्हर. ह्यांचा नंबर तीन दिवसांतून एकदा येतो. मिळालेलं भाडं पेट्रोलात जातं, त्यातून एल्सिराबाईंचा वाटा. बाकी वेळ चाळीस माणसं गाड्यांच्या ओळीत उभी राहून एकाच भांड्यातला माते फिरवतात आणि जुन्या विहिरींच्या गोष्टी सांगतात. मी पाव भाजून विकायला काढले. पहिल्या दिवशी अकरा गेले. दुसऱ्या दिवशी समोरच्या तादेओच्या बायकोने पाव काढले, तिसऱ्या दिवशी पलीकडच्या दोघी जावांनी. आता आम्ही चौघी एकमेकींचे पाव घेतो, रीत म्हणून.

जूनची तारीख गेली. घर कोणा बाहेरच्या माणसाने घेतलं, इतर आठ घरांबरोबर. तो आता दर महिन्याला भाडं मागतो. अनालीयाला कोर्सवरून परत आणलं. तिनेच सांगितलं की बाई फार कडक होत्या, नाहीतरी मला शिकवायला आवडत नाही. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, तुम्हाला ठाऊक आहे.

हे घरी आले की जेवत नाहीत, ओळीत खाल्लं म्हणतात. ओळीत कोणी काय खायला घालणार? मी विचारत नाही. विचारलं तर त्यांना खरं सांगावं लागेल, आणि मग आम्ही दोघं काय करणार?

तुम्हाला दोष द्यायला लिहिलं नाही. मी दिला तर तुम्हाला पोचेल, एवढ्यासाठीच तीन महिने लिहिलं नाही.

आपली झुलेमा


लानूस, ता. २ सप्टेंबर १९९२

चि. सौ. झुलेमास,
नेलिदाचे अनेक आशीर्वाद.

पोचला, बाई. तू न देताच पोचला.

मी लानूसच्या खिडकीतून बघून तुमच्या गावचा निकाल दिला. इथे लाखो माणसं आहेत, एकाची नोकरी गेली तर दहाजण गाडीत बसायला उरतात. तुमच्याकडे सगळ्यांची एकाच दिवशी गेली, हे मला पत्रात वाचूनही कळलं नाही. तुला कळलं होतं. मागच्या सीटवर बसणार कोण, हे तू लिहिलं होतंस. मी ते वाचून हसले होते, हेही सांगून टाकते.

सोबत पिशवी आहे, तिच्या अस्तरात थोडे पैसे शिवलेत, काळजीपूर्वक उसव. ओविदिओला सांगू नकोस, सांगितलंस तर तो परत पाठवेल आणि टपालखर्च बुडेल. अनालीयाला म्हणावं, आत्याला कान दाखव. इकडे शिवणाच्या कारखान्यात मुली घेतात, पण ते मी आत्ता बोलत नाही.

तुमचा लोभ माझ्यावर राहिला तर मला जड जाईल, नाही राहिला तर त्याहून जड. तूच ठरव.

नेलिदा


लास बार्दास, ता. २० नोव्हेंबर १९९२

ती. ताईस,
ओविदिओचा सा. न. वि. वि.

झुलेमा सारखं रडगाणं लिहीत असेल, तर तू अर्धंच खरं मान. धंदा सुधारतोय. ह्या महिन्यात मला नऊ भाडी मिळाली, सगळी लांबची, हमरस्त्यावरच्या बस स्टँडपर्यंत. सामानाचे पैसे वेगळे.

ही लोकं कोण ते विचारू नकोस. बरं, सांगतो. जाणारी लोकं. पलीकडचे दोघे भाऊ गेले, कुटुंबासकट, दोन फेऱ्या झाल्या. माझ्या टोळीतला बुटका गेला, तो आईला खुर्चीसकट टपावर बांधायला निघाला होता, तिला पुढे बसवलं. सगळे दोन पिशव्या घेतात आणि बाकीचं तुम्हीच वापरा म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे आता चार इस्त्र्या झाल्या आहेत. प्रत्येक भाड्याला एक घर कमी होतं. सातांपैकी एकच कचेरी उरली आहे, आमची. माणसं कमी झाली म्हणजे आपला नंबर लवकर लागेल असं तादेओ म्हणतो. गिऱ्हाइकंही कमी होतात हे त्याला कोणी सांगत नाही.

गाडी विकायला काढून बघितली. ज्याच्याकडे जातो तो मलाच त्याची गाडी दाखवतो.

अनालीया मोठी दिसायला लागली आहे. माझ्याशी फार गोड बोलते, आजारी माणसाशी बोलावं तसं. तू ये म्हणणार होतो नाताळाला, पण नको, इथे वारा फार आहे.

तुझा ओविदिओ


लास बार्दास, ता. ४ फेब्रुवारी १९९३

ती. वन्संना,
झुलेमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नका, एल्सिराबाईंच्या कचेरीच्या पत्त्यावर, त्यांच्या नावाने पाठवा. त्या माझ्या चांगल्या मैत्रीण झाल्या आहेत, आणि कोणाला सांगणार नाही असं त्यांनी शपथेवर कबूल केलं आहे.

घरमालकाने मार्चअखेर घर सोडायला सांगितलं. चार महिन्यांचं भाडं थकलंय, त्याचंही चुकतं असं म्हणता येत नाही. मातेची वापरलेली पत्ती मी खिडकीत वाळवून परत वापरते. परवा ह्यांनी प्याला तोंडाला लावला, आणि मग म्हणाले की आज जरा कडक झालाय. वन्सं, त्यात रंगसुद्धा नव्हता. त्या रात्री मी ठरवलं.

मला तिकडे राहून करायचं काम बघून द्या. म्हातारी माणसं सांभाळीन, धुणीभांडी करीन, इस्त्र्या तर चार आहेत. अनालीयाला तुमच्यापाशी ठेवा आणि त्या कारखान्यात लावा. मी महिन्याचे पैसे ह्यांना पाठवीन, म्हणजे निदान हे जेवतील.

ह्यांना बरोबर का आणत नाही म्हणाल. राहून करायच्या कामाच्या ठिकाणी नवऱ्याला कोण ठेवून घेणार? तुमच्या एका खोलीत पंचेचाळीस वर्षांचा पुरुष दिवसभर बसला, तर तो महिन्याभरात संपेल. इथे निदान ओळ आहे, सोबती आहेत, दारावर नंबर आहे. सकाळी पाचला उठून कामावर जातो असं त्यांना वाटतं. तेवढं तरी मी हिसकावून घेऊ नये.

आणि सांगायचा मला धीर नाही. वीस वर्षांत आम्ही कधी एक रात्र वेगळी काढली नाही, त्यांची रात्रपाळी सोडली तर. हे ओळीत गेले की पहाटेच्या बसने निघेन, टेबलावर चिठ्ठी ठेवीन. मला भित्री म्हणा, पण मदत करा.

आपली झुलेमा


लानूस, ता. १७ फेब्रुवारी १९९३

चि. सौ. झुलेमास,
अनेक आशीर्वाद.

काम मिळालं. इथून जवळ आद्रोगेला एक म्हाताऱ्या बाई आहेत, ऐकू कमी येतं, तोंड मात्र भारी चालतं. रविवारी सुट्टी. अनालीयासाठी माझ्या खाटेशेजारी गादी घातली आहे. दहा मार्चच्या बसची दोन तिकिटं सोबत आहेत.

तू त्याला सांग, असं मी दहा वेळा लिहिलं आणि दहा वेळा खोडलं. गेल्या वर्षी तुम्ही माझा सल्ला मागितलात आणि मी दिला. आता न मागता देण्याचं तोंड मला राहिलं नाही. परवा ओविदिओचं दोन ओळींचं कार्ड आलं, त्यात त्याने विचारलंय की ताई, तू हल्ली मला का लिहीत नाहीस. काय लिहू त्याला? कागद पुढे घेऊन बसले आणि हवापाण्याच्या चार ओळी लिहून पाकीट चिकटवलं. सख्ख्या भावाला, अंगाखांद्यावर वाढवलेल्या पोराला, मी हवापाणी लिहिलं.

ये. दोघी या. बसमध्ये गरम कपडे हाताशी ठेवा.

नेलिदा


लास बार्दास, ता. १० मार्च १९९३, दुपार

ती. ताईस,
ओविदिओचा नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा त्या दोघी तुझ्याकडे असतील. मला सगळं कळलं आहे, तेव्हा आता हवापाणी लिहू नकोस.

चार दिवस मला भाडं नव्हतं. आज पहाटे ओळीत माझ्यापुढे सहा गाड्या होत्या. फोन वाजला, आणि एल्सिराबाई चिठ्ठी घेऊन स्वतः बाहेर आल्या. एरवी त्या खिडकीतून ओरडतात. सहा गाड्या ओलांडून माझ्यापाशी आल्या. तादेओ पहिला होता. सगळे बुटांकडे बघत उभे राहिले. एल्सिराबाईंनी चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाल्या की मी शब्द दिला होता, मी काही सांगितलेलं नाही. चिठ्ठीवर माझ्याच घराचा पत्ता होता, आणि खाली, बस स्टँड, दोघीजणी.

मी गेलो. झुलेमा फाटकापाशी पेटी घेऊन उभी होती, अनालीया बोचकं घेऊन. झुलेमाने आधी गाडीच्या दारावरचा नंबर पाहिला, मग मला. मी उतरलो आणि पेटी मागे ठेवली. ती हलकी होती. त्या दोघी मागच्या सीटवर बसल्या. चार किलोमीटर मी एकदाही आरशात पाहिलं नाही. पोरगी रडत होती ते ऐकू येत होतं.

राहा, एवढाच शब्द होता, ताई. मी म्हटला असता तर ती राहिली असती. पेटी उचलून परत घरात नेली असती, आणि संध्याकाळी चुलीपाशी उभी राहून भांड्यात घालायला काही शोधत राहिली असती. म्हणून म्हटलं नाही. बावीस वर्षं मी जमिनीतून तेल काढलं, आणि माझ्या बायकोला थांब म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

स्टँडवर तिने भाड्याचे पैसे दिले. मी घेतले. ती बसच्या पायरीवरून म्हणाली, "जेवत जा." मी हो म्हटलं. बस गेल्यावर कचेरीत येऊन एल्सिराबाईंचा वाटा टेबलावर ठेवला, त्यांनी तो घेतला नाही, मीही उचलला नाही. मग घरी येऊन तिने ठेवलेली चिठ्ठी वाचली.

तुझ्यावर राग नाही. गाडी मलाच हवी होती, तू नको म्हटली असतीस तरी मी घेतली असती, हे तू आता एकदाचं डोक्यात घे. अनालीयाला थंडी छातीत बसते, तिची गादी खिडकीपासून लांब ठेव. झुलेमाला रविवारी बाहेर ने, ती आपणहून निघायची नाही.

आता एक मागणं आहे, आणि ते तू पाळायचंस. आज ना उद्या मी तुला पत्र लिहीन. लिहीन की धंदा सुधारला, घर बघितलं, आता त्यांना पाठवून दे. मी चांगलं पटवून लिहीन, माझा मला भरवसा नाही. ते पत्र आलं, तर ताई, त्यांना पाठवू नकोस.

तुझा,
ओविदिओ